लायन्सचा भोपळा: २००८ च्या मोसमामागची पन्नास वर्षं

२८ डिसेंबर २००८ रोजी ग्रीन बेच्या लॅम्बो फील्डवर अमेरिकन फुटबॉलमधले डेट्रॉईट लायन्स ३१-२१ असे हरले आणि त्यांचा मोसम संपला. सोळा सामने, सोळा पराभव. एनएफएलचा, म्हणजे या खेळाच्या व्यावसायिक लीगचा, मोसम १९७८ मध्ये सोळा सामन्यांचा झाला, तेव्हापासून सोळाच्या सोळा सामने हरलेला हा पहिलाच संघ. १९७६ मध्ये टॅम्पा बे बकनीअर्स चौदाच्या चौदा सामने हरले होते, पण त्यांचं ते पहिलंच वर्ष होतं. लायन्स मात्र १९३४ पासून डेट्रॉईटमध्ये खेळतात. थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी दुपारी लायन्सचा सामना लावायचा, हा अमेरिकेतल्या असंख्य घरांचा रिवाज याच संघाने त्याच वर्षी सुरू केला.

असा जुना, मुरलेला संघ या थराला कसा गेला, हे २००८ च्या निकालांवरून कळत नाही. त्यासाठी १९५७ पर्यंत मागे जावं लागतं.

१९५० च्या दशकात लायन्सचा दरारा होता. १९५२, १९५३ आणि १९५७ अशी तीन विजेतेपदं त्यांनी मिळवली. शेवटच्या अंतिम सामन्यात तर क्लीव्हलंड ब्राउन्सचा ५९-१४ असा धुव्वा उडवला. संघाचा हुकमी क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू, बॉबी लेन घोट्याचं हाड मोडल्यामुळे त्या सामन्यात नव्हता, टोबिन रोट खेळला. पुढच्याच मोसमात, ऑक्टोबर १९५८ मध्ये, लेनला पिट्सबर्गला देऊन टाकलं. पुढची पन्नास वर्षं हा संघ जिंकणार नाही, असं लेन जाताना म्हणाला, अशी आख्यायिका डेट्रॉईटमध्ये आजही सांगतात. तो खरंच तसं म्हणाला याचा त्या काळातला पुरावा नाही. पण १९५८ मध्ये पन्नास मिळवले की २००८ येतं, आणि दरवर्षी मन मोडलेल्या माणसाला असा हिशेब जवळचा वाटला तर त्यात नवल नाही.

माझं मत वेगळं आहे. लायन्सना शाप भोवला नाही, मालकाचा स्वभाव भोवला. हेन्री फोर्ड यांचे नातू विल्यम क्ले फोर्ड यांनी १९६३ मध्ये ४५ लाख डॉलरला संघ विकत घेतला. तो व्यवहार ठरला त्याच दिवशी डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली. फोर्ड सज्जन होते आणि आपल्या माणसांना सहजासहजी अंतर देत नसत. पण संघ चालवताना चुकलेल्या माणसाला वेळेवर बाजूला करावंच लागतं, आणि ते त्यांना जमलं नाही. १९५७ नंतर २००८ पर्यंत संघाने प्लेऑफचा, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीचा, एकच सामना जिंकला, ५ जानेवारी १९९२ रोजी डॅलसविरुद्ध, ३८-६.

त्या संघात बॅरी सँडर्स होता. दहा मोसमांत १५,२६९ यार्ड धावलेला, चार जणांच्या कचाट्यातून जागच्या जागी गिरकी घेऊन निसटणारा. जुलै १९९९ मध्ये, सार्वकालिक विक्रम अवघ्या एका मोसमाच्या अंतरावर असताना, त्याने आपल्या गावच्या, विचिटाच्या, वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून निवृत्ती जाहीर केली. संघ जिंकण्यासाठी काही करत नाही, या भावनेने तो खचला होता. इतका गुणी खेळाडू असा निघून जातो, तेव्हा घर आतून पोखरलंय हे ओळखायला हवं होतं.

झालं उलटंच. २००१ मध्ये संघाची सूत्रं मॅट मिलन यांच्याकडे गेली. लाइनबॅकर म्हणून, म्हणजे बचाव फळीत खेळून, चार सुपर बोल (एनएफएलचे अंतिम सामने) जिंकलेला, टीव्हीवर उत्तम समालोचन करणारा माणूस. पण संघबांधणीचा अनुभव शून्य. पहिल्याच मोसमात संघाचे दोन विजय आणि चौदा पराभव.

एनएफएलमध्ये तळाच्या संघाला सावरायला ड्राफ्ट असतो. जो सर्वांत जास्त हरतो, त्याला कॉलेजमधले नवे खेळाडू निवडायची संधी सर्वांत आधी मिळते. मिलन यांनी २००३, २००४ आणि २००५ अशी सलग तीन वर्षं पहिल्या फेरीत रिसीव्हरच घेतले: चार्ल्स रॉजर्स, रॉय विल्यम्स, माइक विल्यम्स. चेंडू झेलणारे जमले, पण क्वार्टरबॅकचं रक्षण करणारी फळी आणि बचाव तसाच भुसभुशीत राहिला. तरीही २००५ मध्ये त्यांचा करार वाढवण्यात आला. त्या डिसेंबरात प्रेक्षकांनी फोर्ड फील्डबाहेर मोर्चा काढला आणि सिनसिनाटीविरुद्धच्या सामन्यात घरच्या मैदानावर पाहुण्यांचा नारिंगी रंग घालून बसले. मिलन टिकले.

२००७ मध्ये सहा विजय आणि दोन पराभव अशी झकास सुरुवात झाली, मग उरलेल्या आठांतले सात सामने गेले. २००८ चे चारही सराव सामने मात्र लायन्सनी जिंकले होते. खरा मोसम सुरू झाला आणि पहिल्या तीन सामन्यांत त्यांच्यावर ३४, ४८ आणि ३१ गुण चढले. मालकांचे चिरंजीव बिल फोर्ड यांनी अधिकार माझ्याकडे असता तर मी मिलन यांना काढलं असतं, असं जाहीरपणे सांगितलं. दोन दिवसांनी, २४ सप्टेंबरला, मिलन गेले. त्यांच्या काळातला हिशेब ३१ विजय आणि ८४ पराभव.

या मोसमातला एकच क्षण सांगायचा तर १२ ऑक्टोबरचा, मिनियापोलिसमधला. क्वार्टरबॅक डॅन ऑर्लोव्स्की कारकिर्दीत पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळत होता. चेंडू लायन्सच्या स्वतःच्या एक यार्ड रेषेवर, म्हणजे पाठ अगदी भिंतीला. समोरून व्हायकिंग्जचा जॅरेड ॲलन अंगावर आला. ऑर्लोव्स्की उजवीकडे पळाला आणि पळता पळता मैदानाच्या मागच्या रेषेबाहेर गेला. शिट्टी वाजली, तरी हा पास टाकायला माणूस शोधत धावतच होता. आपल्याच एंड झोनमधून, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यातून, चेंडूसकट बाहेर गेलं की प्रतिस्पर्ध्याला दोन गुण मिळतात, त्याला सेफ्टी म्हणतात. लायन्स तो सामना १२-१० असे हरले. बरोबर दोन गुणांनी.

त्याच संघात कॅल्विन जॉन्सनने त्या वर्षी १,३३१ यार्ड आणि बारा टचडाऊन मिळवले, आणि किकर जेसन हॅन्सनचे पन्नास यार्डांपलीकडचे आठही प्रयत्न यशस्वी झाले. ही दोन नावं मी मुद्दाम घेतो. शून्य विजयांच्या संघातही रोज जीव तोडून खेळणारी माणसं असतात, आणि तक्त्यात त्यांचा मागमूस राहत नाही. संघाने एकूण ५१७ गुण दिले, मिळवले २६८.

शहराचाही तो पडता काळ होता. डेट्रॉईटच्या मोटार कंपन्यांचे प्रमुख नोव्हेंबरात वॉशिंग्टनला मदत मागायला गेले होते. २७ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, टेनेसीने साऱ्या देशासमोर लायन्सना ४७-१० असं हरवलं. १९ डिसेंबरला बुश सरकारने जनरल मोटर्स आणि क्रायस्लरसाठी १७.४ अब्ज डॉलरचं कर्ज जाहीर केलं. पुढच्या नऊ दिवसांत लायन्सनी उरलेले दोन्ही सामने गमावले. २९ डिसेंबरला प्रशिक्षक रॉड मारिनेली यांना निरोप मिळाला.

तळाला राहिल्यामुळे २००९ च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू लायन्सच्या वाट्याला आला: क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड. २७ सप्टेंबर २००९ रोजी त्यांनी वॉशिंग्टनला १९-१४ असं हरवलं आणि सलग एकोणीस पराभवांची साखळी तुटली. प्लेऑफमधला विजय मात्र आणखी चौदा वर्षं आला नाही. स्टॅफर्ड बारा मोसम खेळून लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला. १४ जानेवारी २०२४ रोजी तो फोर्ड फील्डवर परतला, तो पाहुण्या रॅम्सचा क्वार्टरबॅक म्हणून. विल्यम क्ले फोर्ड २०१४ मध्ये वारले होते आणि संघाची धुरा त्यांच्या कन्या शीला फोर्ड हॅम्प यांच्याकडे आली होती. त्या रात्री लायन्स २४-२३ असे जिंकले.