महिलांना आयुष्यभर समान आणि दर्जेदार आरोग्यसेवा

बाईला जन्मापासून म्हातारपणापर्यंत, वयाच्या प्रत्येक टप्प्यावर, परवडेल अशी आणि चांगल्या दर्जाची आरोग्यसेवा मिळायला हवी आणि ती मिळताना बाई आहे म्हणून कुठेही डावललं जाऊ नये, अशी ही साधी संकल्पना आहे. सगळ्यांना एकच सेवा सारखी वाटून टाकली की काम झालं असं मात्र होत नाही, कारण शरीर वेगळं, काही आजार वेगळे, आणि दवाखान्यापर्यंत पोचण्यातल्या अडचणी तर फारच वेगळ्या.

आंतरराष्ट्रीय पातळीवर याचा पाया १९७९ च्या महिला भेदभावविरोधी करारात आहे, त्याच्या १२ व्या कलमात आरोग्यसेवेतला भेदभाव संपवायची जबाबदारी सरकारांवर टाकलीये (करार १९८१ पासून लागू). पण खरा बदल झाला तो १९९४ मध्ये कैरोला झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या आणि विकास परिषदेत. तोपर्यंत बायकांच्या आरोग्याचा विषय निघाला की गाडी बहुतेक वेळा लोकसंख्येवरच जायची, किती मुलं, किती नसबंद्या वगैरे. कैरोमध्ये पहिल्यांदा बाईचा स्वतःच्या शरीरावरचा हक्क ठळकपणे मध्यभागी आला, आणि पुढच्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेच्या जाहीरनाम्यात 'संपूर्ण आयुष्यभर' ही कल्पना नीट मांडली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांतही ती आहे.

तरीपण आजही आरोग्य यंत्रणा बाईकडे सगळ्यात जास्त लक्ष देते ते ती गरोदर असताना, आणि तिथेसुद्धा काम पूर्ण झालेलं नाही. २०२३ मध्ये जगभरात अंदाजे २ लाख ६० हजार बायका गरोदरपणात किंवा बाळंतपणाच्या आसपास गेल्या, म्हणजे दर १ लाख जिवंत जन्मांमागे १९७, आणि २०३० पर्यंतचं टार्गेट आहे ७० पेक्षा कमी. यातले बहुतेक मृत्यू गरीब देशांतले आणि बहुतेक टाळता येण्यासारखे. थॅडियस आणि मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये याची मांडणी तीन उशिरांमध्ये केली: दवाखान्यात न्यायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर, आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला उशीर. पहिल्या उशिरात घरातलं कोण निर्णय घेतं, पैसे कोणाच्या हातात आहेत, सोबत कोण येणार हे सगळं येतं, त्यामुळे नुसतं हॉस्पिटल बांधून तो जात नाही.

तिसऱ्या उशिराचं एक उदाहरण बघण्यासारखं आहे. डिलिव्हरीनंतर किती रक्त गेलं हे कित्येक ठिकाणी नजरेनेच ठरवतात, आणि चादरीत, कापसात मुरलेलं रक्त नजरेला नेहमी कमीच वाटतं, त्यामुळे धोका लक्षात येईपर्यंत वेळ निघून जातो. यावर उपाय म्हणून बाईच्या खाली एक प्लास्टिकची शीट लावतात, तिला खाली पिशवीसारखा भाग असतो आणि त्यावर मापाच्या खुणा असतात. रक्त धोक्याच्या खुणेपर्यंत आलं की गर्भाशयाचा मसाज, गर्भाशय आकुंचन पावायची औषधं, रक्तस्राव थांबवणारं इंजेक्शन, सलाइन आणि तपासणी हे सगळं एकामागून एक वाट न बघता एकदम सुरू करायचं. २०२३ मध्ये ४ आफ्रिकन देशांतल्या जवळपास ८० हॉस्पिटल्समधल्या २ लाखांहून जास्त बायकांवरचा या पद्धतीचा अभ्यास आला, त्यात गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडून करावं लागणारं ऑपरेशन आणि त्यातून होणारे मृत्यू हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं. इतकी साधी वस्तू, आणि ती प्रत्येक लेबर रूममध्ये नसावी हे खरंच चीड आणणारं आहे.

बाळंतपणाच्या बाहेर तर अडचण अजून वेगळी, तिथे बाईचं म्हणणं ऐकूनच घेतलं जात नाही. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा टिश्यू गर्भाशयाबाहेर वाढणं, हा जगात अंदाजे १९ कोटी बायका-मुलींना आहे, पण निदान व्हायला कित्येकदा वर्षानुवर्षं जातात, कारण पाळीत दुखणारच, सहन कर, असंच सांगितलं जातं. हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखणं बायकांमध्येही असतंच, पण त्याबरोबर दम लागणं, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं, प्रचंड थकवा हे त्यांच्यात जास्त दिसतं आणि ते ॲसिडिटी किंवा टेन्शन म्हणून सोडून दिलं जातं. औषधांचंही तसंच. अमेरिकेत १९७७ च्या नियमावलीने मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवलं, ते १९९३ मध्ये बदललं. झोल्पिडेम ही झोपेची गोळी तिथे १९९२ पासून मंजूर होती, आणि बायकांच्या रक्तात ती सकाळपर्यंत जास्त उरते म्हणून त्यांचा डोस निम्मा करायला २०१३ उजाडलं.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर हा विषय आशादायक आहे, कारण तो टाळता येतो. २०२२ मध्ये त्याने साधारण साडेतीन लाख बायका गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेचं २०३० साठीचं टार्गेट ९०-७०-९० आहे: ९० टक्के मुलींना १५ वर्षांच्या आत एचपीव्ही (हा कॅन्सर ज्यामुळे होतो तो विषाणू) विरुद्धची लस, ७० टक्के बायकांची ३५ व्या आणि परत ४५ व्या वर्षापर्यंत चांगल्या टेस्टने तपासणी, आणि दोष सापडलेल्या ९० टक्के बायकांना उपचार. आता एचपीव्ही टेस्टसाठी बाई स्वतःच सॅम्पल घेऊ शकते, ज्यांना तपासणीची लाज वाटते किंवा वेळच मिळत नाही त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे.

पाळी सुरू व्हायच्या वयातली माहिती, ॲनिमिया (१५ ते ४९ वयातल्या साधारण ३० टक्के बायकांना), डिप्रेशन, घरातल्या मारहाणीनंतरचे उपचार हे सगळं याच विषयात येतं. सगळ्यात दुर्लक्षित आहे ते पाळी गेल्यानंतरचं आयुष्य: हाडं ठिसूळ होणं, लघवीवर कंट्रोल न राहणं, अंग बाहेर येणं (म्हणजे गर्भाशय खाली सरकणं), ज्याबद्दल बायका कित्येक वर्षं कोणाशी बोलतही नाहीत. बायका पुरुषांपेक्षा सरासरी जास्त जगतात पण त्यातली जास्त वर्षं आजारपणात काढतात, आणि बायकांच्या आरोग्याचे कितीतरी मोठे सर्व्हे १५ ते ४९ याच वयाचे असतात, म्हणजे साठीच्या बाईला काय होतंय हे त्या आकड्यांत दिसतच नाही आणि तिच्यासाठी बजेट मागायला हातात काही नसतं.