लॅपटॉपची स्क्रीन का फिरत नाही?

फोन आडवा धरला की चित्रही आडवं होतं. लॅपटॉपवर मात्र बऱ्याचदा स्क्रीन फिरवायची सोय सेटिंग्जमध्येही सापडत नाही, आणि मग माणूस विंडोज नव्याने टाकायच्या विचाराला लागतो. एवढी घाई करू नये. आधी आपलं नेमकं काय हरवलंय ते पाहावं. लॅपटॉप वळवताच स्क्रीनने आपोआप वळणं वेगळं आणि आपण सांगितल्यावर वळणं वेगळं.

आपोआप वळण्यासाठी ॲक्सेलरोमीटर लागतो. या चिपमध्ये सिलिकॉनचं अतिसूक्ष्म वजन तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेलं असतं. गुरुत्वाकर्षणाने ते किंचित सरकतं, त्यामुळे विद्युत धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते आणि खाली कुठली बाजू ते कळतं. साध्या लॅपटॉपमध्ये हा संवेदक सहसा नसतो, त्यामुळे आपोआप फिरणं रोखणारं 'रोटेशन लॉक'चं बटण न दिसणं हा बिघाड नव्हे. आयबीएमने 2003 साली थिंकपॅडमध्ये असा संवेदक घातला होता, पण तो लॅपटॉप पडू लागला तर हार्ड डिस्क वाचवण्यासाठी. पूर्ण उलटा दुमडणाऱ्या लॅपटॉपवर हे बटण फिकट दिसत असेल, तर बिजागरी मागे दुमडून पाहावी. कीबोर्ड नेहमीसारखा समोर असेपर्यंत विंडोज आपोआप फिरणं बंद ठेवतं.

आता दुसरी सोय. 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'डिस्प्ले' अशा वाटेने गेलं की 'डिस्प्ले ओरिएंटेशन' दिसायला हवं. तेच गायब असेल तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'डिस्प्ले अडॅप्टर्स' उघडा. तिथे इंटेल यूएचडी किंवा आयरिस असं ग्राफिक्स चिपचं नाव न दिसता 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसलं, तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती चिप चालवायला शिकवणारा प्रोग्रॅम, बसलेलाच नाही. विंडोज नव्याने टाकल्यावर हे घडू शकतं. अशा वेळी ब्राइटनेसची पट्टीही बहुधा नाहीशी झालेली असते. ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पण चित्र नुसतं वळवायला वेगळा ड्रायव्हर कशाला हवा? कारण काम दिसतं तितकं सोपं नाही. 1920 × 1080 च्या स्क्रीनवर 20,73,600 बिंदू असतात. प्रत्येकाला 4 बाइट धरले तर एक चित्र सुमारे 83 लाख बाइटांचं होतं, आणि ते सेकंदाला 60 वेळा मेमरीतून वाचून पॅनेलकडे पाठवावं लागतं. प्रोसेसरमध्येच असलेल्या, म्हणजे इंटिग्रेटेड, ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, प्रोसेसरच्याच रॅममधून भागवावं लागतं. चित्र सरळ असेल तर शेजारचा बिंदू मेमरीतही शेजारीच असतो. 180 अंशांत उलटं करायचं असेल तर शेवटाकडून वाचत यायचं, एवढंच. 90 अंशांत मात्र ओळीऐवजी रकाना वाचावा लागतो, आणि रकान्यातला पुढचा बिंदू मेमरीत 7,680 बाइट लांब असतो. मेमरी एका वेळी 64 बाइटांचा तुकडा आणते. म्हणजे 16 बिंदू आणायचे आणि वापरायचा एकच, जसं एका दाण्यासाठी अख्खं पोतं उचलून आणावं.

यावरचा उपाय मला फार देखणा वाटतो. चित्र ओळीओळीने न साठवता 4,096 बाइटांच्या फरश्यांमध्ये साठवायचं. इंटेलच्या एका पद्धतीत फरशी 128 बाइट रुंद आणि 32 ओळी उंच असते, म्हणजे बरोबर 32 × 32 बिंदूंचा चौरस. आडवं वाचा की उभं, जवळचे बिंदू जवळच सापडतात. इंटेलच्या प्रोसेसरांच्या 2015 च्या स्कायलेक पिढीत 90 अंशांची सोय थेट डिस्प्लेच्या सर्किटात आली, आणि तीही अशाच फरश्यांवर अवलंबून. त्याआधी ग्राफिक्सला प्रत्येक वेळी वळवलेली वेगळी प्रत काढावी लागे. ही सगळी मांडणी इंटेलच्या ड्रायव्हरला ठाऊक असते. बेसिक अडॅप्टर संगणक सुरू होताना चित्रासाठी मिळालेल्या मेमरीच्या साध्या तुकड्यावर लिहितो, बस्स.

तेव्हा ड्रायव्हर घ्या, तो आधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, तुमच्या मॉडेलचा आकडा नीट पाहून. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' देणाऱ्या साइट्सच्या नादी अजिबात लागू नका.

ड्रायव्हर ठीक असूनही कंट्रोल, ऑल्ट आणि बाणाच्या कळा चालत नसतील, तर त्यातही काही बिघडलेलं नाही. हे शॉर्टकट विंडोजचे नव्हतेच, इंटेलच्या ड्रायव्हरचे होते. पुढच्या ड्रायव्हरांत ते काढले गेले किंवा बंद ठेवले गेले. राइट-क्लिकवर येणारा 'ग्राफिक्स ऑप्शन्स'चा मेनूही असाच गेला. फिरवायचं ते 'डिस्प्ले ओरिएंटेशन'मधून.

स्क्रीन उभी झाल्यावर काही जुन्या प्रोग्रॅममध्ये अक्षरांच्या कडा रंगीत दिसू शकतात. क्लिअरटाइप हे तंत्र अक्षरं गुळगुळीत करताना प्रत्येक बिंदूतले लाल, हिरवा, निळा हे उपबिंदू शेजारीशेजारी आहेत असं धरून चालतं. स्क्रीन वळली की ते एकाखाली एक येतात. देवनागरीत ही रंगीत कड कान्याला जाणवते, शिरोरेषेला नाही, कारण क्लिअरटाइप आडव्या दिशेनेच काम करतं. स्टार्ट मेनूत 'क्लिअरटाइप' शोधून ते बंद केलं की कडा साध्या करड्या होतात.