खडकीचं काडतूस, व्हिएन्नाचं माप

उत्तर प्रदेशातल्या एखाद्या खून खटल्याचं निकालपत्र वाचायला घेतलं, की जप्तीच्या यादीत एक नोंद हमखास भेटते: एक गावठी कट्टा, ३१५ बोर, आणि सोबत बुडावर '८ एमएम केएफ' असा ठसा असलेली काडतुसं. यातलं 'बोर' म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचं माप, आणि 'केएफ' म्हणजे किर्की फॅक्टरी. आपली पुण्याची खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. पण ८ मिलिमीटर हे माप पुण्याचंही नाही आणि इंग्रजांचंही नाही. ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचं. तिकडच्या शिपायाचं काडतूस मुळेच्या काठी का तयार होऊ लागलं, याचा माग काढला की रायफल घेऊ पाहणाऱ्या भारतीय माणसापुढे इतके मोजकेच पर्याय का असतात, तेही उलगडतं.

त्या माणसाचा प्रश्न तसा साधा असतो. घरात आजोबांची बारा बोरची दुनळी आहे. खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागतं, निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते. आता संग्रह पुरा करायला तिच्या जोडीला एक रायफल हवी. एकच, पण अष्टपैलू: निशाण्यालाही चालेल, शेतावरही चालेल, आणि काडतुसांसाठी वणवण करायला लावणार नाही. जगभरचे हौशी लोक असा प्रश्न पडला की गोळीचं वजन, वेग, धक्का, पल्ला यांवर रात्र रात्र वाद घालतात. आपल्याकडे हा वाद फार लांबत नाही. उत्तर बरंचसं कायद्यानेच देऊन टाकलेलं आहे, आणि ते द्यायला सुरुवात झाली त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली.

एकाच रायफलीने सगळी कामं करायची, ही कल्पना मुळात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरची. त्याआधीच्या काळ्या दारूच्या बंदुकीत जनावर मोठं तर गोळी मोठी, असा सरळ हिशोब होता. हत्तीची बंदूक वेगळी, हरणाची वेगळी. १८८० च्या दशकात बिनधुराची दारू आली आणि हिशोब बदलला. गोळी बारीक झाली, वेग वाढला, आणि एकाच नळीतून चितळापासून वाघापर्यंत मजल मारता येऊ लागली. जर्मनीच्या माउझर कंपनीची १८९८ ची बोल्ट रायफल, म्हणजे हाताने खिटी ओढून काडतूस आत घेणारी, हा त्या बदलाचा कणा. अमेरिकेच्या लष्कराने १९०६ मध्ये .३०-०६ हे काडतूस घेतलं आणि पुढे तिथल्या शिकाऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं. नावातला ०६ म्हणजे ते सालच. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये .३७५ मॅग्नम काढलं. आफ्रिकेत जाणाऱ्याने एकच रायफल न्यायची झाली तर हीच न्यावी, असं आजही सांगणारे पुष्कळ भेटतील.

भारतात या जातीची सगळ्यात प्रसिद्ध रायफल जिम कॉर्बेटची. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्ये संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्याला .२७५ बोरची रिग्बी रायफल भेट दिली. माउझरची यंत्रणा, लंडनच्या कारागिरांचं काम. हलकी, आटोपशीर, आणि डोंगर चढताना खांद्याला न रुतणारी. कॉर्बेटकडे .४५०/४०० ची जड दुनळी रायफलही होती. पण अवघड चढणीला सोबतीला हवी अशी रायफल ही रिग्बीच.

मात्र कॉर्बेट ज्या वर्षी ही बक्षिसी मिळवत होता, त्याच सुमारास सरकार भारतातल्या बोरांवर कात्री चालवत होतं. वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या हाती ब्रिटिशांच्याच जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली पडल्या होत्या. त्यांचं माप .४५०. साहेब लोकांच्या वाघाच्या शिकारीसाठी विलायतेहून येणाऱ्या काडतुसांचं मापही नेमकं .४५०. शिकारीचं काडतूस चोरीला गेलं, त्यातली गोळी काढून मार्टिनीच्या काडतुसाच्या नळकांड्यात बसवली, की ती खैबरच्या कड्यावरून गोऱ्या शिपायावरच येणार. तेव्हा .४५० ची काडतुसं आणायला बंदी आली. लंडन-बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांनी यावर शोधलेला उपाय अस्सल व्यापाऱ्याचा होता. मनाई .४५० ला आहे ना? मग .४६५ घ्या, .४७० घ्या, .४७५ घ्या. दोन-चार केसांच्या फरकाने नवी मापं बाजारात आली आणि त्यातली .४७० तर पुढे आफ्रिकेतल्या हत्तीच्या शिकारीत नावाजली गेली. कायद्याने बोर मारायचे आणि कारागिराने शेजारी नवा बोर जन्माला घालायचा, हा खेळ इथून सुरू झाला.

.३०३ चं तेच झालं. १८८८ पासून ब्रिटिश फौजेचं हे अधिकृत काडतूस. आधी ली-मेटफर्ड आणि मग ली-एनफिल्ड रायफलीत चालणारं. आपण ज्याला थ्री नॉट थ्री म्हणतो ते हेच. कलकत्त्याजवळ इच्छापूरला १७८७ पासून दारूचा कारखाना होता, त्याच आवारात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रायफली बनू लागल्या. म्हणजे आता फौजेचं हत्यार देशातच तयार होणार, आणि नेटिवाच्या घरातही त्याच मापाची रायफल असली तर? छावणीतून पळवलेलं काडतूस सरळ त्या रायफलीत जाणार. म्हणून फौजेचं माप नागरिकाला वर्ज्य ठरलं.

इथे व्हिएन्ना आली. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मान्लिखर रायफलीचं ८ बाय ५० मिलिमीटरचं काडतूस इंग्रजी कारखानदारांच्या नजरेत भरलं ते त्याच्या बुडामुळे. .३०३ च्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि ली-एनफिल्डचा बोल्ट त्या कडेला धरूनच काडतूस आत-बाहेर करतो. मान्लिखरलाही तशीच कड, आकारही जवळपासचा. नळी बदला, थोडी डागडुजी करा, बाकी रायफल तीच. ८ मिलिमीटर म्हणजे इंचाच्या हिशोबात .३१५. बर्मिंगहॅमच्या बीएसए या बंदूक कंपनीने या मापाच्या स्पोर्टिंग रायफली भारतासाठी पाठवायला सुरुवात केली. अंगाने फौजी, मापाने परकी, कायद्याने निर्दोष. हीच आपली थ्री-फिफ्टीन.

तेव्हा थ्री-फिफ्टीन ही निशाणेबाजांनी पारखून घेतलेली रायफल नव्हे. चाळणीतून खाली उरलेली आहे. काडतूस म्हणून ते त्याच काळातल्या इतरांच्या मागेच. गोळी जड, २४४ ग्रेन, म्हणजे सुमारे १५.८ ग्रॅम. .३०३ ची लष्करी गोळी १७४ ग्रेनची आणि बरीच वेगवान. जड आणि संथ गोळीचा मार्ग लवकर वाकतो, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकला की नेम चुकला. झाडीत, शंभर-दीडशे मीटरच्या आत, मोठ्या जनावरावर ती चांगली बसते. एवढंच तिचं अष्टपैलूपण. बाकी गुण म्हणजे मजबुती, मॅगझिनमध्ये पाच काडतुसं, आणि मुख्य म्हणजे देशात बनणारं, परवान्यावर मिळणारं काडतूस. स्वातंत्र्यानंतर इच्छापूरने ही रायफल बनवणं चालू ठेवलं आणि खडकीने तिचा दाणागोटा पुरवला. गंमत अशी, की ज्या मापाची निवड चोरीच्या काडतुसांना आळा घालण्यासाठी झाली, त्याच मापाची काडतुसं सर्रास मिळू लागल्यावर उत्तरेतल्या गावठी कट्टेवाल्यांनी आपल्या नळ्याही त्याच मापाच्या घेतल्या.

या साऱ्याच्या मुळाशी १८७८ चा शस्त्र कायदा. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतला. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. हिंदी माणसाला परवाना, युरोपियनाला सूट, अशी त्याची धाटणी. लिटनच्या मनात १८५७ ताजं होतं. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशी आणि कोळ्यांना घेऊन पुणे जिल्ह्यात उठाव केला, तेव्हा त्यांची पहिली अडचण पैशांची आणि हत्यारांची होती. या कायद्याविरुद्ध काँग्रेस सुरुवातीपासून ठराव करत आली. १९१८ मध्ये गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचा प्रचार करताना गांधीजींनीसुद्धा, एका अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा म्हणजे ब्रिटिशांचं सगळ्यात काळं कृत्य, असं लिहिलं. १९२८ च्या नेहरू अहवालाने नागरिकाच्या मूलभूत हक्कांत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. राज्यघटना आली तेव्हा तो हक्क तीत नव्हता.

नवा शस्त्र कायदा १९५९ चा, अंमल १ ऑक्टोबर १९६२ पासून. गोऱ्यांची सूट गेली, पण 'प्रतिबंधित' आणि 'अप्रतिबंधित' बोर ही विभागणी राहिली. फौजेची आणि पोलिसांची मापं नागरिकाला नाहीत, हे तत्त्व जसंच्या तसं पुढे आलं. .३०३ आजही प्रतिबंधितांत आहे. फौजेतून ती गेली, पोलिसांकडे मात्र टिकली. २००८ च्या हल्ल्यात सीएसटीवर असलेल्या पोलिसांच्या हातात तीच जुनी थ्री नॉट थ्री होती. उलट अमेरिकेच्या दोन महायुद्धांतलं .३०-०६ इथे नागरिकाला चालतं, कारण ते आपल्या फौजेचं कधी नव्हतं. इच्छापूरने पुढे त्या मापाची स्पोर्टिंग रायफलही काढली. गोळीच्या ताकदीचा आणि बंदीचा संबंध नाही. संबंध आहे तो फौजेच्या कोठाराशी. हे एकदा लक्षात आलं की ही यादी विक्षिप्त वाटत नाही.

१९५९ च्या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. तेरावं कलम नीट वाचलं तर कळतं, की कायद्याचा जीव गुळगुळीत नळीच्या बंदुकीवर आहे. वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची बारा बोर संरक्षणाला किंवा खेळाला मागितली, किंवा पीक राखायला ठासणीची बंदूक मागितली, तर परवाना द्यावा, असा कल. आटे पाडलेल्या नळीची रायफल मागितली की 'सबळ कारण' आलं. कारण उघड आहे: छऱ्यांची बंदूक चाळीस-पन्नास मीटरवर दम टाकते, रायफलीची गोळी शेकडो मीटर जाते. कोकणात माकड-डुकरांपासून बाग राखणाऱ्यांकडे ठासणीच्या आणि एकनळी बंदुका दिसतात, रायफल क्वचितच, त्याचं मूळ या कलमात आहे.

मग शिकारच गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, आणि त्याआधी १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर आलेल्या बंदीने, 'चितळापासून वाघापर्यंत' या वाक्याचा अर्थच संपवला. रायफल उरली, तिचं काम उरलं नाही. १९८० च्या दशकात सर्वसामान्यांसाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद झाली, त्यामुळे आधी आलेल्या माउझर, रिग्बी, बीएसए तेवढ्याच हातोहात फिरत राहिल्या आणि त्यांच्या किमती चढत गेल्या. चांगल्या जुन्या रायफलीसाठी आपल्याकडे मोजावा लागणारा पैसा हा बराचसा या टंचाईचा आहे, तिच्या नेमाचा नाही. माझं मत विचाराल तर नुसत्या नावासाठी तो घालवू नये.

संख्येची मर्यादाही याच काळातली. १९८३ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनच अग्निशस्त्रं, असं ठरलं. बारा बोर, रिव्हॉल्व्हर, रायफल असा सुटसुटीत त्रिकुटाचा संग्रह त्यात बसत होता, आणि दोन हातात असताना 'तिसरी कुठली घ्यायची' हा प्रश्न खरा तिथलाच. डिसेंबर २०१९ मध्ये ही मर्यादा दोनवर आली. मूळ विधेयकात एकच म्हटलं होतं. शिकारीच्या जुन्या घराण्यांतून आणि पंजाब-राजस्थानच्या बाजूने ओरड झाली, मग दोन. वारशाने आलेल्या शस्त्रांनाही तीच मर्यादा. ज्यांच्याकडे तीन होती त्यांना एक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्यासाठी वर्षभर मुदत मिळाली. तेव्हा आज संग्रह 'पुरा करणं' म्हणजे उरलेली एकमेव जागा भरणं. आजोबांची दुनळी आणि वडिलांचं रिव्हॉल्व्हर दोन्ही नावावर असतील तर तीही जागा नाही.

पण कायद्यात एक खिडकी १९८३ पासून उघडी आहे आणि २०१९ मध्येही ती बंद झाली नाही. मान्यताप्राप्त रायफल क्लबचा सदस्य नेमबाजीच्या सरावासाठी जी .२२ बोरची रायफल किंवा एअर रायफल वापरतो, तिला ही संख्येची मर्यादा लागू नाही. शिवाय याच .२२ ला तेराव्या कलमातही झुकतं माप आहे. हे काडतूस अमेरिकेत १८८७ मध्ये निघालं. इवलंसं, धक्का जवळजवळ नाही, आवाज कमी, बाकीच्यांच्या मानाने स्वस्त. जगातल्या कुठल्याही फौजेने त्याला आपलं मुख्य काडतूस केलं नाही, म्हणून कुणाला त्याची भीती वाटली नाही.

हा क्लबांचा पसारा उभा राहिला १९५१ पासून. त्या वर्षी नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. घराणं मूळ रत्नागिरीकडचं, जन्म बडोद्याचा, राजकारण अहमदाबादचं. त्यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा आजही नवख्या नेमबाजाला राष्ट्रीय स्पर्धेच्या दारापर्यंत नेते. महाराष्ट्राने या खिडकीचा उपयोग इतरांपेक्षा चांगला केला. अंजली भागवत २००० मध्ये सिडनीत एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून नेम धरायच्या प्रकारात, विश्वविजेत्या झाल्या, तीच ही .२२. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ऑलिंपिक ब्राँझ घेतलं ते ४५१.४ गुणांवर, त्याच ५.६ मिलिमीटरच्या गोळीने.

म्हणून पुण्या-कोल्हापुरातल्या माणसाने, जो शिकार करणार नाही आणि ज्याला रानडुक्कर फक्त बातम्यांत भेटतं, त्याने थ्री-फिफ्टीनच्या मागे लागायचं कारण मला दिसत नाही. दुसरी जागा मोकळी असेल, शेत जंगलाला लागून असेल आणि परवाना देणाऱ्याला ते पटलं, तर गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी आधी क्लबचं सदस्यत्व घ्यावं. तिथे क्लबच्या .२२ वर वर्षभर हात बसवता येतो, आणि तोवर स्वतःच्या रायफलीचा अर्ज भरायचा की नाही हे ज्याचं त्याला कळलेलं असतं.