क्रेफिश संपला? मग दुसरा आणून सोडा!

ओढ्यातला क्रेफिश संपला तर दुसरीकडचा आणून सोडावा, प्राणी तर तोच, हा समज युरोपात जुना आहे आणि साफ चुकीचा आहे. (क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, शेवंडाचा धाकटा भाऊबंद. आपल्या नद्यांत तो मूळचा नाहीच.)

स्वीडनचंच बघा. १९०७ साली तिथे क्रेफिशचा प्लेग पोचला आणि मूळच्या नोबल क्रेफिशची तळीच्या तळी ओस पडली. १९६०च्या दशकात त्याच्या जागी कॅलिफोर्नियातला सिग्नल क्रेफिश आणून सोडला, कारण तो या रोगाने सहसा मरत नाही. मरत नाही खरा, पण रोगाचा बुरशीसारखा जंतू अंगावर बाळगतो! औषध म्हणून साथच घरात घेतली. २०१६पासून हा पाहुणा युरोपीय संघाच्या घातक परक्या प्रजातींच्या यादीत आहे.

बरं, नोबलच्या जागी नोबलच सोडला तर? तेही डोळे मिटून नाही. हिमयुगानंतर उत्तरेकडे मोजकेच क्रेफिश पोचले. म्हणून जनुकीय वैविध्य आग्नेय युरोपात जास्त, उत्तरेत कमी. त्यात माणसांनी खाण्यासाठी शतकानुशतकं ते इकडचे तिकडे नेले, त्यामुळे वंशावळी गुंतल्या. एखाद्या खोऱ्यात वेगळी वंशरेषा उरली असेल, तर बाहेरच्यांच्या भेसळीने तीच पुसली जाते. म्हणून सोडण्याआधी डीएनए तपासतात, शक्यतो त्याच खोऱ्यातले आणि निरोगी नग घेतात. पाच-दहा जोड्यांवरही भागत नाही, पुढे सगळी भावंडंच होतात.