इ.स.पू. १०५ : थिऑसॉफीतल्या येशूच्या जन्मसालाची पार्श्वभूमी

येशू होऊन गेला, पण शुभवर्तमाने (बायबलातली येशूची चरित्रे) सांगतात त्याच्या शंभरएक वर्षे आधी, असे थिऑसॉफीतला, म्हणजे सर्व धर्मांमागे एकच गूढ ज्ञान मानणाऱ्या चळवळीतला, एक मोठा प्रवाह मानतो. या मताला दोन आधार दिले जातात. एक ज्यू ग्रंथांतली कथा, दुसरा दिव्यदृष्टीने केलेले भूतकाळाचे वाचन. यांतली कथा आधी छापली गेली आणि दृष्टी मागाहून आली. चर्चेत हा क्रम बहुतेक वेळा उलटा सांगितला जातो, म्हणून तो आधीच नोंदवलेला बरा.

थिऑसॉफिकल सोसायटी या संस्थेची संस्थापिका हेलेना ब्लाव्हाट्स्की हिने १८७७ च्या आपल्या पहिल्या मोठ्या ग्रंथात ती ज्यू कथा दिली. दोन वर्षांनी संस्थेचा मुक्काम मुंबईत आला, १८८२ अखेर मद्रासजवळच्या अड्यारला हलला. १८८७-८८ च्या लेखांत तिची भूमिका स्पष्ट झाली: शुभवर्तमानांतला देव-मानव म्हणजे दीक्षेचे रूपक, आणि त्यामागचा खरा माणूस म्हणजे यहूदीयाचा राजा अलेक्झांडर यानाय याच्या काळातला येहोशुआ बेन पांदिरा.

कथा बाबिलोनी ताल्मुदात, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या चर्चांच्या संग्रहात, आहे. यानाय परूशी या ज्यू पंथाच्या पंडितांच्या जिवावर उठतो, तेव्हा त्यांतला येहोशुआ बेन पराह्या शिष्यासह अलेक्झांड्रियाला पळतो. परतताना एका खाणावळीत चांगला पाहुणचार होतो. गुरू खाणावळीची स्तुती करतो. शिष्याला वाटते खाणावळवालीबद्दलच बोलणे चालले आहे, आणि तो तिच्या डोळ्यांत खोट काढतो. गुरू त्याला बहिष्कृत करतो. ख्रिस्ती सेन्सॉरच्या हातून सुटलेल्या प्रतींत या शिष्याचे नाव येशू आहे. पण हीच कथा जुन्या, पॅलेस्टिनी ताल्मुदात येते तिथे गुरू यहूदा बेन तब्बाय आहे आणि शिष्य निनावी. म्हणजे येशूचे नाव मागाहून चिकटले असण्याची शक्यता मोठी. माझ्या मते शंभर वर्षांचा सगळा इमला ज्या खांबावर उभा आहे तो इथेच डळमळतो.

आता दिव्यदृष्टी. १८९९ मध्ये चार्ल्स लेडबीटर या माजी अँग्लिकन पाद्र्याने, जो पुढे या क्षेत्रातला संस्थेचा प्रमुख अधिकारी ठरला, तिची रीतसर वर्गवारी छापली. त्याच्या मते घडलेले सगळे ‘आकाशिक नोंदीं’त राहते. भुवर्लोकातून (भावनांच्या सूक्ष्म पातळीवरून) त्यांचे तुटक, हलते प्रतिबिंब दिसते. स्वच्छ वाचन मनोलोकाच्या पातळीवरच होते. नवशिक्याला धागा म्हणून त्या काळातली एखादी वस्तू हातात लागते. अडचण सनाची. दृश्य कितीही स्पष्ट असले तरी त्यावर तारीख लिहिलेली नसते. म्हणून द्रष्ट्याने दृश्यातल्या एखाद्या शहाण्या माणसाच्या मनात शिरून तो कोणते वर्ष मानतो ते पाहायचे, किंवा कुणी पत्र लिहीत असेल तर त्यावरची तारीख वाचायची, आणि मग ती कालगणना आपल्या सनात बसवायची. फार दूरच्या काळासाठी ताऱ्यांची स्थिती पाहून गणित.

पद्धत प्रामाणिकपणे सांगितली आहे, आणि म्हणूनच तिची उणीव दिसते. सन बसवण्याची शेवटची पायरी छापील कोष्टकांवर चालते. त्या पायरीवर द्रष्ट्याने आधी वाचलेले आणि आता पाहिलेले वेगळे काढायचे साधन उरत नाही.

१९०१ मध्ये संस्थेच्या भावी अध्यक्षा ॲनी बेझंट यांनी ख्रिस्ती धर्माच्या गूढ बाजूवरच्या पुस्तकात जन्मसाल ठामपणे दिले: इ.स.पू. १०५, रोमचे कॉन्सुल (ज्यांच्या नावांनी रोमन वर्ष ओळखत ते दोन सर्वोच्च अधिकारी) पब्लियस रुटिलियस रुफस आणि ग्नेयस मालियस मॅक्सिमस. एकोणिसाव्या वर्षी सर्बाल पर्वताजवळ एसेनी या विरक्त ज्यू पंथाच्या मठात प्रवेश, मग इजिप्त. एकोणतिसाव्या वर्षी येशूने देह सोपवला आणि ख्रिस्ताने, म्हणजे येशूहून वेगळ्या एका उच्च आत्म्याने, तो तीनेक वर्षे वापरला. कॉन्सुलांची जोडी अचूक आहे. पण ती रोमन याद्यांत कुणालाही सापडते, त्यामुळे तिने वर्ष सिद्ध होत नाही. यानायची कारकीर्द आज इ.स.पू. १०३ ते ७६ धरतात. जुन्या पुस्तकांत ती सुमारे १०६ ते ७९ अशी आढळते. १०५ हे साल जुन्या हिशेबात बसते, नव्यात राज्यारोहणाच्या आधी पडते.

सर्वांत मोठा अडसर पंतय पिलात. तो इ.स. २६ ते ३६ या काळात यहूदीयाचा रोमन अधिकारी होता आणि येशू त्याच्या अमलात क्रूसावर गेला असे ख्रिस्ती मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत सूत्रात, म्हटले आहे. त्याच माजी पाद्र्याने यावर काढलेला तोडगा असा: मूळ ग्रीक सूत्रात ‘पोंतोस पिलेतोस’, म्हणजे दाट झालेला समुद्र, असे शब्द होते, आत्मा जडद्रव्यात उतरतो असा त्यांचा अर्थ, आणि नकलनविसांनी त्याचा माणूस केला. हे त्याने दिव्यदृष्टीच्या आधारे सांगितले. असा पाठ असलेले हस्तलिखित त्याने दाखवले नाही. उलट दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या, इग्नेशियस या बिशपच्या नावावरच्या पत्रांतच पिलात माणूस म्हणून येतो. शिवाय प्रेषित पौल गलतीकरांस लिहितो की प्रभूचा भाऊ याकोब याला आपण भेटलो. इ.स.पू. ७२ च्या सुमारास वारलेल्या माणसाचा भाऊ पौलाला भेटणार कसा?

संस्थेतल्याच जी. आर. एस. मीड या अभ्यासकाने, संस्थापिकेच्या एकेकाळच्या खासगी सचिवाने, १९०३ मध्ये हा प्रश्न ताल्मुद, ‘तोलदोत येशू’ ही येशूची ज्यू विडंबनकथा आणि एपिफानियस या चौथ्या शतकातल्या ख्रिस्ती लेखकाच्या काही चमत्कारिक विधानांवर तपासला. पुस्तकाचे शीर्षकच प्रश्नार्थक आहे आणि शेवटीही प्रश्न मोकळाच राहतो. या विषयावर संस्थेत झालेले हे सर्वांत जबाबदार काम. १९०९ मध्ये त्याने संस्था सोडली. माजी पाद्र्यावर गंभीर आरोप होऊन तो १९०६ मध्ये बाहेर गेला होता, त्याला परत घेतल्याचा तो निषेध होता.

त्याच १९०९ मध्ये अड्यारच्या किनाऱ्यावर पुढच्या जगद्गुरूचा देह म्हणून जे. कृष्णमूर्ती हा मुलगा निवडला गेला. येशूचा देह ज्याने वापरला तोच ख्रिस्त, म्हणजेच जगद्गुरू मैत्रेय, आता हा वापरणार, असे सांगितले गेले. प्राचीन कालगणनेचा वाद अशा रीतीने चालू राजकारणात शिरला. जर्मन शाखेचा प्रमुख रुडॉल्फ श्टायनर याने ते नाकारले. तोही नोंदी वाचत असल्याचे सांगे, पण त्याला वेगळेच दिसले: येशू नावाची दोन बालके, दोन्ही इसवी सनाच्या आरंभीची, आणि येशू बेन पांदिरा हा शंभर वर्षांपूर्वीचा तिसराच माणूस. दोन वाचनांपैकी कोणते चुकले हे ठरवायला संस्थेकडे निकष नव्हता. १९१३ मध्ये ती शाखा वेगळी झाली. जगद्गुरूसाठी उभारलेला संघ त्या निवडलेल्या मुलानेच १९२९ मध्ये हॉलंडमधल्या ओमेन येथे विसर्जित केला.

१९४७ पासून मृत समुद्राकाठी गुंडाळ्या सापडू लागल्या, तेव्हा एसेनी संबंधाचा पुरावा मिळाल्याचे पुन्हा बोलले गेले. १९९९ मध्ये आल्व्हार एलेगॉर्ड या स्वीडिश भाषाभ्यासकाने त्या गुंडाळ्यांतल्या ‘सदाचाराचा गुरू’ या व्यक्तीलाच येशू ठरवले, दिव्यदृष्टीचा आधार न घेता. बहुतेक अभ्यासकांनी ते मानले नाही. १९०१ च्या पुस्तकातला मठ दक्षिण सिनाईत आहे, गुंडाळ्या कुमरानजवळच्या गुहांतल्या, आणि त्यांत नासरेथच्या येशूचा उल्लेख नाही.