नवी पेशी की कोवळी पेशी? : मेंदूची घडण आणि ऱ्हास यांच्या संशोधनामागची पार्श्वभूमी

मेंदू घडतो कसा आणि उतारवयात तो झिजतो कसा, हे दोन प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दोन वेगळ्या विभागांत, दोन वेगळ्या प्रकारची माणसे सोडवत होती. पहिला प्रश्न गर्भविज्ञानाचा होता, दुसरा विकृतिशास्त्राचा. आता एकाच प्रयोगशाळेत, पुष्कळदा एकाच संशोधकाच्या देखरेखीखाली, गर्भातील मेंदूच्या पेशी आणि अल्झायमरने गेलेल्या माणसाचा मेंदू यांचा अभ्यास शेजारी शेजारी चालतो. ही जवळीक घडवून आणण्यात ज्या वादाचा वाटा मोठा, तो म्हणजे प्रौढ माणसाच्या मेंदूत नव्या पेशी जन्मतात की नाही; त्याचा निकाल अजून पुरता लागलेला नाही. या टिपणाचा बराचसा भाग मी त्या वादालाच दिला आहे, कारण माझी उमेदीची वर्षे मराठवाड्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत शरीररचनाशास्त्र शिकवण्यात गेली आणि वादाचे एक मूळ अखेर आमच्याच फॉर्मलीनच्या, म्हणजे मृत ऊती टिकवणाऱ्या द्रावणाच्या, बादलीत सापडले.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. पन्नाशीच्या सुमारास विस्मरण जडलेल्या आणि पंचावन्नाव्या वर्षी मरण पावलेल्या एका बाईच्या मेंदूतील पुटे आणि पेशींमधले गुंते १९०६ साली अल्झायमर नावाच्या एका जर्मन डॉक्टराने सहकाऱ्यांपुढे मांडले. चार वर्षांनी त्याच्या वरिष्ठाने आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला त्या डॉक्टराचे नाव दिले, परंतु ते अकाली येणाऱ्या विस्मृतीपुरतेच राखले. त्यामुळे साठी ओलांडलेल्या माणसांत दिसणारी तीच लक्षणे पुढची साठ-पासष्ट वर्षे वेगळ्या खात्यात पडून राहिली. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून जे सोडून दिले जाते, ते युरोप-अमेरिकेतल्या वैद्यकानेही वयाचा दोष म्हणून सोडून दिले होते. दोन्ही विकार एकच, हे मत १९७६ सालच्या एका संपादकीयानंतर रूढ होत गेले. मधल्या काळात, १९१३-१४ च्या सुमारास, एका स्पॅनिश ऊतिशास्त्रज्ञाने प्रौढ मेंदूत सारे काही मरू शकते, पुन्हा जन्मत मात्र काहीच नाही, असा निवाडा लिहून ठेवला. हा कठोर निवाडा बदलणे भावी विज्ञानाच्या हाती आहे, असेही त्याने तिथेच म्हटले होते. पाठ्यपुस्तकांनी पहिले वाक्य तेवढे उचलले आणि आम्हीही तेच शिकवले.

पुढे जाण्यापूर्वी शब्दांचा घोळ निस्तरावा लागेल. शालेय पुस्तकात ‘चेतापेशी’ असते, वर्तमानपत्रात ‘मज्जातंतू’ आणि बाह्यरुग्ण विभागात आलेला परभणी-हिंगोलीकडचा माणूस ‘डोक्याची नस सुकली’ असे सांगतो. मज्जातंतू म्हणजे खरे तर पेशींपासून निघालेल्या लांब धाग्यांची जुडी, आणि नस म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात कधी तंतू, कधी रक्तवाहिनी. इथे चेतापेशी हाच शब्द वापरला आहे. मात्र खरा गुंता याहून पुढचा आहे आणि तो ‘नवी’ या साध्या विशेषणात आहे.

जुन्या निवाड्याला पहिला धक्का १९६२ साली बसला. किरणोत्सारी थायमिडीन (विभागताना पेशी जे आपल्या डीएनएत घेते ते रसायन) टोचलेल्या प्रौढ उंदरांच्या मेंदूत नुकत्याच विभागलेल्या पेशी दिसतात, असे एका अमेरिकी संशोधकाने दाखवले. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. ऐंशीच्या दशकात कॅनरी पक्ष्यांच्या गाण्याशी निगडित भागात नव्या पेशी आढळल्या, पण १९८५ साली माकडांवरच्या एका वजनदार अभ्यासाने प्रौढ वानरकुळात असे काही होत नसल्याचे सांगून दार पुन्हा लोटून घेतले. १९९८ साली ते उघडले. अर्बुदाच्या, म्हणजे कर्काच्या गाठीच्या, अभ्यासासाठी विभाजनाची खूण करणारे रसायन दिलेल्या पाच कर्करुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले गेले, आणि हिप्पोकॅम्पस या भागात त्या खुणेच्या चेतापेशी सापडल्या. हिप्पोकॅम्पस हा आठवणी मुरवणारा भाग, आणि अल्झायमर ज्या भागांना लवकर पोखरतो त्यांत त्याची गणना होते. मेंदूची घडण आणि मेंदूचा ऱ्हास या दोन प्रश्नांची गाठ पडली ती या जागी.

रसायन टोचण्याचा प्रयोग निरोगी माणसांवर करता येत नाही, म्हणून २०१३ साली स्वीडनमधल्या एका गटाने निराळी वाट शोधली. १९५५ ते १९६३ या काळात खुल्या हवेत झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण वाढले आणि चाचण्यांवर बंदी आल्यावर ते उतरत गेले. हा कार्बन वनस्पतींत, तिथून अन्नात आणि पेशीविभाजनाच्या वेळी डीएनएमध्ये जाऊन बसतो. म्हणजे पेशी कोणत्या साली जन्मली, याची नोंद तिच्यातच राहते. १९६३ सालच्या आपल्या शिवारातील ज्वारीतही तो कार्बन होता आणि ती भाकरी खाल्लेल्यांच्या पेशींतही ती नोंद उतरली, हे वर्गात सांगितले की मागच्या बाकावरचीही मुले मान वर करीत. या मोजणीतून प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दररोज सुमारे ७०० नव्या चेतापेशींची भर पडते, असा अंदाज निघाला.

प्रकरण मिटले असे वाटत असताना २०१८ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील एका गटाने ५९ व्यक्तींच्या ऊती तपासून उलट निष्कर्ष जाहीर केला. गर्भात आणि तान्ह्या बाळात भरपूर दिसणाऱ्या कोवळ्या चेतापेशी बालपणातच झपाट्याने घटतात, अशी पेशी दिसलेला सर्वांत मोठा मुलगा १३ वर्षांचा होता आणि प्रौढांत त्या सापडतच नाहीत, असे तो अभ्यास सांगत होता. महिनाभरातच दुसऱ्या गटाने १४ ते ७९ वयाच्या २८ निरोगी व्यक्तींचे मेंदू पाहून त्या म्हातारपणापर्यंत टिकतात असे छापले. मेंदूचा भाग तोच असताना दोन गट इतके दूर कसे गेले, याचे उत्तर मला आमच्या विभागात मिळते.

ताजा मेंदू हातात घेतला तर तो खरवसासारखा लागतो. टेबलावर ठेवला की आपल्याच भाराने पसरतो. म्हणून तो बादलीच्या तळाशी ठेवत नाहीत. त्याच्या बुडाशी असलेल्या रक्तवाहिनीखालून दोरा ओवून दोऱ्याची टोके बादलीच्या कडेला बांधतात आणि मेंदू फॉर्मलीनमध्ये उलटा, अधांतरी लटकवतात. दोन-तीन आठवड्यांत तो पनीरसारखा घट्ट होतो आणि सुरीने सरळ कापे पडतात. हा घट्टपणा येतो कारण फॉर्मलीन प्रथिनांमध्ये आडवे टाके घालते. शिकवण्यासाठी हे उत्तम. पण कोवळी चेतापेशी ओळखण्यासाठी वापरले जाणारे प्रतिपिंड ज्या प्रथिनाला जाऊन चिकटायचे, तेच या टाक्यांआड झाकले जाते. शिवाय मृत्यू आणि फॉर्मलीन यांच्यामध्ये जितके तास जातील तितके ते प्रथिन आधीच विरघळत जाते. किनवटकडचे देहदान नांदेडला पोचेपर्यंत सहज अर्धा दिवस जातो आणि मे महिन्यात तो अर्धा दिवस फार महाग पडतो.

माद्रिदमधल्या गटाने २०१९ साली नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले. एकाच मेंदूचे तुकडे कमी-अधिक काळ फॉर्मलीनमध्ये ठेवून त्यांनी दाखवले की मुक्काम लांबला की खुणा फिकट होतात आणि अखेर दिसेनाशा होतात. काटेकोर जतन केलेल्या ऊतींत ४३ ते ८७ वयाच्या १३ निरोगी व्यक्तींमध्ये कोवळ्या पेशी हजारोंनी आढळल्या, तर अल्झायमरच्या ४५ रुग्णांत, आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यापासूनच, त्या घटलेल्या होत्या. मला हा अभ्यास अधिक पटतो, हे लपवत नाही. ‘आढळले नाही’ आणि ‘नव्हते’ यांतला फरक बरणी हाताळणाऱ्याला लवकर कळतो.

तरीही विरुद्ध बाजूचा एक आक्षेप वजनदार आहे. जे प्रथिन पाहिले गेले ते पेशी कोवळी असल्याची खूण आहे, ती नुकती जन्मल्याची नव्हे. शिवारात जानेवारीत एखाद्या पट्ट्यातली कणसे हुरड्यावर दिसली, तर पेरणी उशिरा झाली असे म्हणता येते, किंवा पेरा वेळेवर होऊन वाढ रेंगाळली असेही म्हणता येते. नुसत्या कणसाकडे पाहून निवाडा होत नाही. मेंदूच्या इतर काही भागांत जन्मापूर्वी तयार झालेल्या चेतापेशी वर्षानुवर्षे कोवळ्याच राहतात, हे ठाऊक आहे. मराठीत लिहिताना ‘कोवळी’, ‘अपक्व’, ‘नवजात’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, तेव्हा हा आक्षेप वाचकापर्यंत पोचतच नाही. २०२५ च्या जुलैमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने म्हणूनच कणीस सोडून बियाण्याकडे पाहिले. एकेका पेशीकेंद्रातील आरएनए वाचून ७८ वर्षांपर्यंतच्या व्यक्तींमध्ये विभाजन चालू असलेल्या पूर्वज पेशी, म्हणजे ज्यांच्यापासून चेतापेशी बनतात त्या, शोधल्या गेल्या, आणि त्या सापडल्या. मात्र काही प्रौढांत बऱ्याच, तर काहींत एकही नाही.

घडण आणि ऱ्हास यांना जोडणारे इतर धागेही याच काळात पुढे आले. गर्भाच्या मेंदूत जरुरीपेक्षा जास्त जोडण्या तयार होतात आणि नंतर, दाट उगवलेल्या ज्वारीची करावी तशी, त्यांची विरळणी होते. ही विरळणी करणारी यंत्रणा म्हातारपणी पुन्हा जागी होऊन चांगल्या जोडण्या उपटते, असे २०१६ साली अल्झायमरसदृश विकार असलेल्या उंदरांत दिसले. हंटिंग्टन हा आनुवंशिक मेंदूविकार साधारण मध्यमवयात प्रकटतो, पण त्याचे जनुक असलेल्या १३ आठवड्यांच्या गर्भातच मेंदूच्या सालीची घडण बिघडलेली असते, हे २०२० साली आढळले. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या उपासमारीत ज्यांचा गर्भवास सुरू झाला होता, त्यांची लक्ष एकाग्र करण्याची क्षमता अठ्ठावन्नाव्या वर्षी कमी भरली. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात ज्यांच्या आया खडी फोडत आणि सुकडीवर दिवस काढत होत्या, ती माणसे आता साठीकडे निघाली आहेत. हॉलंडचे आकडे वाचताना मराठवाड्यातल्या डॉक्टरांना तीच आठवावीत, हे साहजिक आहे.

हातापायांना कंप आणणाऱ्या आणि हालचाली मंदावणाऱ्या पार्किन्सनच्या बाबतीत गर्भविज्ञान थेट उपचाराच्या दारात आले आहे. १९८० च्या दशकाअखेर स्वीडनमध्ये गर्भातील ऊती रुग्णांच्या मेंदूत बसवण्यास सुरुवात झाली. २००८ साली दिसले की अशा रोपांतही दहा-पंधरा वर्षांनी आजारात दिसणारी प्रथिनांची गाठोडीच तयार झाली होती. दरम्यान गर्भाच्या मध्यमेंदूत जे रासायनिक संकेत ज्या क्रमाने मिळतात तेच मूलपेशींना (ज्यांच्यापासून निरनिराळ्या पेशी घडू शकतात त्यांना) देऊन डोपामाइन, म्हणजे पार्किन्सनमध्ये कमी पडणारे रसायन, बनवणाऱ्या पेशी तयार करता येऊ लागल्या. २०२५ च्या एप्रिलमध्ये दोन छोट्या चाचण्यांचे निष्कर्ष आले, एक उत्तर अमेरिकेतील १२ आणि दुसरी जपानमधील ७ रुग्णांवरची. दीड-दोन वर्षांत अर्बुद झाले नाही, हा दोन्हींचा मुख्य निष्कर्ष. लक्षणांतील सुधारणेबद्दल दोन्ही गटांनी जपून लिहिले आहे.

भारतातील २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचे प्रत्यारोपण सोडले तर मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीबाहेर करता येत नाही. तरीही जालना जिल्ह्यातील माझ्या परिचयाच्या एका घराने मोसंबीची दोन एकर बाग गहाण टाकून वडिलांना महानगरातल्या एका खासगी केंद्रात नेले. तिथल्या पत्रकावर ‘नव्या पेशी, नवी स्मृती’ असे ठळक छापले होते. वर सांगितलेल्या दोन चाचण्यांतल्या १९ रुग्णांना कवटीला छिद्र पाडून, ठरलेल्या जागी सुई पोचवून पेशी दिल्या गेल्या होत्या. या वडिलांना त्या हाताच्या शिरेतून, सलाईनच्या बाटलीवाटे सोडल्या गेल्या, आणि शिरेतून सोडलेल्या अशा पेशी बहुतांशी फुप्फुसांतच अडकून राहतात.