झेडडॉटडिर

झेड शेल (टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) सुरू होताना वापरकर्त्याच्या स्टार्टअप फायली कोणत्या डिरेक्टरीतून वाचायच्या, हे ठरवणारा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामला सुरू होताना मिळणारी नाव दिलेली किंमत. तो सेट केलेला नसेल तर शेल वापरकर्त्याच्या स्वतःच्या होम डिरेक्टरीतच पाहते. पॉल फॉल्स्टॅड यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात १९९० मध्ये लिहिलेले हे शेल २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकओएसवर डीफॉल्ट झाले.

होम डिरेक्टरीत डॉट फायलींची (नाव टिंबाने सुरू होणाऱ्या फायलींची) गर्दी होते, हे या व्हेरिएबलच्या वापरामागचे नेहमीचे कारण. मांडणीच्या (सेटिंगच्या) फायली होममधल्या .कॉन्फिग डिरेक्टरीत ठेवण्याचा एक्सडीजी नावाचा संकेत २००३ पासून आहे. झेड शेल तो आपणहून पाळत नाही.

वाचनाचा क्रम ठरलेला आहे. .झेडएसएचएन्व सर्वांत आधी, अगदी स्क्रिप्ट (फाइलीत लिहून ठेवलेल्या आज्ञा) चालवतानाही. मग लॉगिन शेलसाठी (खात्यात प्रवेश करताना सुरू होणाऱ्या) .झेडप्रोफाइल, समोर बसून वापरायच्या (इंटरॅक्टिव्ह) शेलसाठी .झेडएसएचआरसी आणि शेवटी पुन्हा लॉगिनपुरती .झेडलॉगिन. प्रत्येक फाइल शोधताना शेल व्हेरिएबलची त्या क्षणीची किंमत पाहते. म्हणून तो कुठे सेट केला यावर सगळे अवलंबून असते. होममधल्या .झेडएसएचएन्वमध्ये केला तर ती एक फाइल जागेवर राहते, बाकीच्या हलतात. .झेडएसएचआरसीमध्ये करणे जवळजवळ व्यर्थच, कारण तोवर हलवण्यासारखे फारसे उरलेले नसते. होममध्ये एकही फाइल नको असेल तर ईटीसी या सिस्टिमच्या डिरेक्टरीतली सर्व वापरकर्त्यांची झेडएसएचएन्व बदलावी लागते (डेबियन लिनक्सवर ती ईटीसीतल्या झेडएसएच डिरेक्टरीत असते), आणि त्यासाठी रूटचे (सिस्टिम प्रशासकाचे) अधिकार हवेत.

खरी मेख एक्सपोर्टमध्ये आहे. व्हेरिएबल एक्सपोर्ट केलेला (शेलमधून सुरू होणाऱ्या प्रोग्रामांनाही मिळणारा) असला की आतून उघडलेले दुसरे झेड शेल होममधल्या .झेडएसएचएन्वकडे फिरकतच नाही. ते नव्या डिरेक्टरीतली .झेडएसएचएन्व शोधते, म्हणून होममधल्या फाइलीतले काहीच चालत नाही. पाथसारखे (आज्ञा कुठे शोधायच्या ते सांगणारे) एक्सपोर्ट केलेले व्हेरिएबल वारशाने मिळतात, पण फंक्शन आणि शेलचे पर्याय मिळत नाहीत, त्यामुळे बिघाड अर्धवट दिसतो आणि पटकन सापडत नाही. होममधल्या फाइलीत फक्त व्हेरिएबल सेट करून लगेच नव्या जागेची .झेडएसएचएन्व सोर्स करणे (त्याच शेलमध्ये चालवणे), हा त्यावरचा सरळ उपाय.

कम्प्लीशनची (अर्धवट टाइप केलेली आज्ञा पुरी करून देणाऱ्या सोयीची) .झेडकॉम्पडम्प फाइलही आपोआप नव्या जागी तयार होते. मॅकओएसवर आज्ञांच्या इतिहासाची फाइलही याच व्हेरिएबलवरून ठरते, तेव्हा जुना इतिहास गेल्यासारखा वाटतो; तो होममध्येच असतो, तिथून हलवावा लागतो.

बॅश या दुसऱ्या शेलमध्ये याला तोडीस तोड काही नाही. तिथे इंटरॅक्टिव्ह शेलला आरसीफाइल पर्यायाने दुसरी फाइल देता येते आणि स्क्रिप्टसाठी बॅश_एन्व हा व्हेरिएबल आहे, पण लॉगिनच्या फायली होममध्येच शोधल्या जातात. फिश हे आणखी एक शेल मुळातच .कॉन्फिगमधून वाचते.

व्हीएस कोड या एडिटरमधले टर्मिनल (शेल ज्यात चालते ती खिडकी) आणि किटीसारखे टर्मिनल याच व्हेरिएबलचा आणखी एक उपयोग करतात. शेल सुरू करताना ते त्याला आपल्या डिरेक्टरीकडे वळवतात, स्वतःचा कोड चालवून घेतात आणि मग वापरकर्त्याच्या मूळ फायली वाचायला लावतात.